खुंटीवरचं हँडल

माझ्या गॅरेजात वस्तू जागच्या जागी नसली की माझं डोकं फिरतं. चिंचपोकळीला रुळांना लागून माझी पत्र्याची शेड आहे. तिच्या लांब भिंतीवर पाने, हातोडे, पकडी, सगळ्यांना आपापली खुंटी. एकदा माझ्या हाताखालच्या दगडूने एक पाना भलत्याच खुंटीवर अडकवला, तर मी त्याला गिऱ्हाइकांदेखत सोलून काढला होता. दगडू माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, गिरणीतून कमी झालेला मालवणी माणूस. तो ऐकून घेतो आणि एवढंच म्हणतो, "मेस्त्री, तुमचो जीव खुंटयेर टांगलेलो आसा."

रुळांवरून आगगाडी गेली की भिंत थरथरते आणि सगळी हत्यारं किणकिणतात. त्याची आम्हांला सवय. पण छप्पन साल उजाडलं तसा त्या किणकिणाटात एक जड आवाज आला. गाडी निघून जाई, भिंत शांत होई, आणि मग सगळ्यांच्या मागून एकदाच, ठक्. कोणी बाहेरून दार वाजवून थांबावं तसा. दगडू कान लावून लावून शोधायचा. मी त्याला म्हटलं, "भूतबीत काय नाय रे. खिळा सैल झालाय कुठलातरी. कामाला लाग."

चिंतामणराव धैर्यवान माझं जुनं गिऱ्हाईक. गिरगावात घर, फोर्टात वकिली. त्यांची एकोणचाळीस सालची काळी मॉरिस रोज कोर्टाला जायची आणि महिन्यातून एकदा माझ्याकडे यायची. बरोबर बहुतेक वेळा त्यांचा एकुलता मुलगा गुरुदत्त असे. कॉलेजात शिकणारा, पण बाह्या वर सारून माझ्याइतकेच हात काळे करणारा. मला तो पोरगा फार आवडायचा. डिसेंबरात गाडी आली तेव्हा इंजिन दमलं होतं, निळा धूर टाकत होतं. चिंतामणरावांनी विचारलं, "बदलायचं का रे, रघुवीर?" मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत आरामात ओढंल, साहेब. उगाच खर्च कशाला?" झडपा जुळवल्या आणि गाडी परत दिली.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून कळलं आणि शहर पेटलं. मीही लालबागच्या नाक्यावर घसा बसेस्तोवर ओरडून आलो. त्याच दिवसांत गिरगावात गोळीबार झाला. गुरुदत्त वाडीच्या तोंडाशी उभा होता, गोळी त्याच्या मांडीत शिरली. बापाने त्याला उचलून मॉरिसच्या मागच्या सीटवर घातला. पण बंदमुळे गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती, बॅटरी उतरली होती. सेल्फ मारला की नुसती कुरकुरायची, दमलेलं इंजिन काही पेट घेईना. वाडीची गल्ली दहा-बारा पावलांची, ढकलून वेग धरायला जागा नाही. शेवटी शेजाऱ्यांनी हातगाडी आणली. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत पोराचं सगळं रक्त वाहून गेलं होतं.

हे मला चार दिवसांनी कळलं. दिवाळीपर्यंत ओढेल, हे माझेच शब्द होते. समाचाराला जायचं धैर्य मला झालं नाही.

गणपती होऊन गेल्यावर एके सकाळी मॉरिस माझ्या दारात आली, एका ट्रकला दोरीने बांधलेली. ट्रकमधून चिंतामणराव उतरले. नऊ महिन्यांत वीस वर्षांनी म्हातारे झाले होते.

"आईचा जीव, यशोदा गाडी विकू देत नाही," ते म्हणाले. "गुरू हिच्यावरच शिकला ना. आणि मलाही आता पायी लांब जाववत नाही रे, गाडी लागतेच. गाडी राहू दे. पण हे इंजिन माझ्या डोळ्यांसमोर नको. यानं माझा मुलगा घालवला."

मी मान खाली घालून हो म्हटलं.

कुर्ल्याच्या भंगारात तसल्याच एका मॉरिसचं इंजिन मिळालं. पुढून ठोकलेल्या गाडीतलं, पण आतून ठणठणीत. मी ते पूर्ण खोललं, रिंगा नव्या घातल्या, झडपा घासल्या. आढ्याला साखळीची कप्पी बांधून जुनं इंजिन वर ओढलं आणि कोपऱ्यात लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलं. नवं खाली सोडताना गिअरबॉक्सचा दांडा काही केल्या क्लचात बसेना. पाव इंच उरायचा. दोन दिवस मी आणि दगडू गाडीखाली पडून एकमेकांना शिव्या देत होतो. मग तिसऱ्या दिवशी सुरीने लोणी कापावं तसा तो आपसूक आत गेला.

काम संपलं तो खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी आम्ही भिंतीवरचं झाडून सगळं खाली उतरवतो, रॉकेलने धुतो, पुसतो, फळीवर मांडून पूजा करतो. भिंत वर्षातून तेवढ्या एका दिवशी उघडी असते. दगडू पाट-फुलं मांडत होता आणि चिंतामणराव नवं इंजिन चालू होताना बघायला मुद्दाम आले होते.

नवं बसवलेलं इंजिन एकदम सेल्फने चालवत नाहीत. आधी पुढून हँडल घालून हाताने चार फेरे द्यायचे, ऑइल वर चढू द्यायचं. मी सहज म्हटलं, "साहेब, डिकीतलं हँडल द्या जरा."

त्यांनी डिकी उघडली. आत हँडल अडकवायच्या दोन कड्या होत्या. रिकाम्या.

"त्या दिवशीही नव्हतं," ते म्हणाले. "सेल्फ चालेना, हँडल मारून चालू करावी म्हणून मी डिकी उघडली, तर नाही. गुरूला सारखी गाडीशी खेळायची सवय. मी ओरडलो त्याच्यावर, हँडल कुठे टाकलंस? तो मागे पडलेला, सीट भिजलेली. म्हणाला, बाबा, मी नाही घेतलं. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस." त्यांनी डिकी बंद केली. "त्यानंतर तो काही बोललाच नाही रे."

माझी नजर फळीकडे गेली. पान्यांच्या आणि हातोड्यांच्या मधोमध, सगळ्यांत लांब म्हणून मानाच्या जागी, दगडूने एक हँडल ठेवलं होतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं, वर झेंडूचं फूल होतं. मुठीला सायकलची काळी रबरी पट्टी गुंडाळलेली. तळहाताला फोड येतात म्हणून ती पट्टी गुरुदत्तने माझ्यासमोर इथेच बसून गुंडाळली होती.

डिसेंबरात झडपा जुळवताना इंजिन फिरवायला मी ते डिकीतून काढलं होतं. काम झाल्यावर पुसलं. आणि वस्तू उघड्यावर टाकायची नाही म्हणून, माझ्या शिस्तीप्रमाणे, खुंटीला लावलं होतं. माझ्या खुंटीला. तिथे जागच्या जागी दिसत होतं, म्हणून इतके महिने ते कधी डोळ्याला खटकलं नाही.

मी फळीपुढे जाऊन उभा राहिलो. "असू द्या, साहेब," मी म्हटलं. "पान्यानं फिरवतो." पाना लावून चार फेरे दिले, मग सेल्फ मारला. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. चिंतामणरावांनी बॉनेटवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "रघुवीर, तू फार केलंस माझ्यासाठी."

गाडी गेली. मी हत्यारं परत भिंतीवर लावली. हँडल तेवढं गोणपाटात गुंडाळून बाकाखाली लोटलं. दुपारची आगगाडी गेली, भिंत किणकिणली आणि गप्प झाली. मागून ठक् आलं नाही. मी सुटल्यासारखा श्वास घेतला.

संध्याकाळी वरळीला कोळीवाड्यात घरी जेवायला बसलो, तेव्हा ते आलं. एकदाच, ठक्. बायको म्हणाली, काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, पोळी तोडताना पुन्हा. आमच्या घरामागून आगगाडी जात नाही. मागे समुद्र आहे आणि वाळत घातलेले बोंबील. तरी रोज माझ्या कानाशी तो मुलगा एकदा वाजवायचा आणि थांबायचा. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीहून जास्त लाज.

पाचव्या दिवशी मी गॅरेजात गेलो आणि कोपऱ्यातल्या जुन्या इंजिनासमोर बसलो. मनात म्हटलं, हे मेलेलंच होतं, हँडलनंही चालू झालं नसतं, असं एकदा दिसू दे, म्हणजे माझी सुटका. ठोकळ्यांवर पक्कं बांधलं, बाटलीतून पेट्रोल सोडलं, ठिणगीला दुसऱ्या गाडीची तशीच उतरत आलेली बॅटरी जोडली. गोणपाट सोडून हँडल काढलं, लावलं. पट्टीवर माझी बोटं बसली.

अर्ध्या फेऱ्यात चालू झालं. धूर टाकत, खोकत, पण चालू. मी बंद करायलाही विसरलो.

दगडूने येऊन पेट्रोल बंद केलं. हँडल बघितलं, मग मला. "मेस्त्री," तो हळूच म्हणाला, "ह्यां आपला न्हय."

त्याच दिवशी मी हँडल घेऊन गिरगावात गेलो. यशोदाबाईंनी दार उघडलं. दिवाणखान्यात गुरुदत्तचा फोटो, चंदनाचा हार. चिंतामणराव आरामखुर्चीत होते. मी हँडल त्यांच्यापुढे धरलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डिसेंबर, खुंटी, फळी, गोणपाट. नवमीला त्यांच्या तोंडावर लपवलं तेही.

त्यांनी हँडल हातात घेतलं. अंगठ्याने पट्टी चाचपली.

"चालू झाली असती?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. इंजिन माझ्याशिवाय कोणी तपासणार नव्हतं.

"अर्ध्या फेऱ्यात, साहेब."

यशोदाबाई फोटोजवळ उभ्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत. नवऱ्याला म्हणाल्या, "नऊ महिने सांगत होते तुम्हांला. माझा गुरू खोटं बोलत नव्हता."

चिंतामणराव उठले. फोटोसमोर गेले आणि ते लोखंड छातीशी धरून, कोर्टातला तो खणखणीत आवाज कुठच्या कुठे गेलेला, म्हणाले, "गुरू, सापडलं रे. तू नव्हतं घेतलंस." मग ते रडले. मी जिना उतरून आलो.

मला वाटलं होतं, आता ते माझं तोंड बघणार नाहीत. पण पुढच्या महिन्यात मॉरिस दारात आली. चिंतामणराव उतरले, डिकी उघडली आणि हँडल काढून माझ्या हातात दिलं. काम होईस्तोवर तिथेच उभे राहिले. तेव्हापासून दर महिन्याला हेच. एका शब्दाने ते मला कधी बोलले नाहीत. एकदा चार लोकांत सोलून काढलं असतं तर बरं झालं असतं. काम संपलं की मी हँडल पुसतो, पट्टीला तेल लागणार नाही असं जपून. ते दोन्ही हात पुढे करून उभे असतात, आणि मी ते परत देतो.