वाळल्यावर येणारा आवाज

गाडीच्या पुढच्या चाकाभोवती तिघं उकिडवे बसले होते आणि तिघांत मिळून चार रोग निघाले होते.

“बेरिंग है,” काकासाहेब म्हणाले.

“बेरिंग गुरगुरतं,” कचरू सुतार म्हणाला. “हे खुळखुळून राह्यलं. चाकावरच्या पाट्याची पिन ढिली झाली असंल, न्हाईतर पाटाच तुटला.”

“काल तू बी बेरिंगच म्हणत हुतास.”

“काल म्या आवाज ऐकला नव्हता. तुमचंच ऐकलं हुतं.”

शेजारच्या वस्तीवरची झुंबरबाई डोक्यावरचा भारा बांधाला टेकवून आली होती. ती म्हणाली, “उगं चाकं चिवडू नका. मालकाच्या नावानं रडून राह्यली ती. आमचे सासरे गेल्ते तवा म्हैस अशीच करत हुती.”

“मावशी, म्हैस रेकती,” कचरू म्हणाला. “तिला कुठं पाटे असत्यात?”

“पाटे न्हाईत पर जीव असतो. हिला दोन्ही है.”

मी बाजूला पाना घेऊन उभी होते. हसू आलं, ते मी पदरात घेतलं. चैत्रात दादा, माझे वडील, गेल्यापासून या अंगणात मी हसले नव्हते.

गाडी दादांची. मिलिटरीच्या लिलावातून आणलेली, चारही चाकांनी ओढणारी, हिरवा रंग उडून कुठंकुठं करडी झालेली. पिंपळगाव रेणुकाईपासून आमची वस्ती अडीच किलोमीटर आत, मधे नाला आणि काळी चिखलट जमीन. मृग लागला की बैलगाडीचं चाक आखापर्यंत रुतायचं आणि वस्ती गावापासून तुटायची. दादांनी बैल थकल्यावर ही गाडी आणली आणि त्यानंतर आमची मिरची कधी बाजाराला चुकली नाही. कोण आजारी पडलं, कोण बाळंतीण अडली, की गावातनं निरोप यायचा, पुंजारामची गाडी आणा. पोळ्याला गावच्या बैलांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी ही उभी राहायची, बंपरला गेरू आणि गळ्यात घुंगरमाळ. लोक हसायचे. दादा म्हणायचे, नांगर सोडून समदं हीच करती, मंग हिचा पोळा का न्हाई?

यंदा आमच्या घरी पोळा नव्हता. माणूस गेलेल्या वर्षी आमच्यात सण करत नाहीत. पुरण नाही, रंग नाही, काही नाही. भावकीत यावर बारीक नजर असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी औरंगाबादच्या शाळेतून आठ दिवसांची रजा टाकून आले. गाडी भर पावसात छपरातून बाहेर काढली, नाल्यातून फिरवून आणली, तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी, कोरड्या वाटेवर, पुढून आवाज आला. खुळ्. खुळ्ळ्. खर्र.

आणि गुरुवारी गिऱ्हाईक यायचं होतं.

काकासाहेब माझे धाकटे चुलते. नावच काकासाहेब, त्यामुळं काका म्हणायला वेगळे कष्ट पडत नाहीत. मनानं वाईट नाहीत, पण त्यांना गाडीची भीती वाटते. एकदा दादांनी हातात दिली होती, ती त्यांनी सरळ हौदात घातली होती. त्यांनी शहागडच्या कारभारी नावाच्या माणसाला सांगून ठेवलं होतं. तो मिलिटरीच्या जुन्या गाड्या घेऊन गोदावरीच्या वाळूत चालवणाऱ्यांना द्यायचा.

“गाडी चालवणारंच राह्यलं न्हाई,” काकासाहेब मला म्हणाले. “गाडी न्हाई तर वैनीला पावसाळ्यात वस्तीवर ठेवायचं कसं? नाल्याला पूर आला आन् काही झालं तर? गावात माझ्या घरी राहतीन. खोली रिकामी है. पर आवाजाची गाडी कारभारी घेणार न्हाई. तू दादाच्या हाताखाली शिकलेली. आवाज काढ.”

म्हणजे आवाज सापडला की गाडी जाणार होती, आणि गाडी गेली की मायला वस्ती सोडावी लागणार होती. माय यावर हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. ती ओसरीवर मिरच्या निवडत बसायची. आवाजाचा विषय निघाला की तिचा हात जरा जोरात चालायचा.

सोमवारी काकासाहेबांनी भोकरदनहून नरहर मिस्त्रीला आणलं. त्यानं आल्याबरोबर गाडीला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. काकासाहेबांना वाटलं, झोपला. मग त्यानं जॅक लावून चाक उचललं, वरखाली धरून हलवलं, आडवं धरून हलवलं.

“किंगपिन,” तो म्हणाला.

“बराबर?” काकासाहेबांनी विचारलं.

“बिलकुल बराबर.”

त्यानं सगळीकडं ग्रीस भरलं, तीन बोल्ट आवळले आणि मला गाडी नाल्यातून फिरवून आणायला लावली. आवाज नाही. पुन्हा फिरवली. नाही. मिस्त्रीनं चहा घेतला, पोह्यांच्या दोन बशा संपवल्या आणि तीनच्या बसनं गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी हलली तशी पुन्हा खुळ्ळ्.

“मिस्त्री असला की गप्प, मिस्त्री गेला की चालू!” काकासाहेब कपाळाला हात लावून म्हणाले. “आता काय मिस्त्रीला बंपरवर बसवून फिरावं?”

ओसरीवर मायला ठसका लागला. मिरचीनं असेल, असं मला वाटलं.

दादा म्हणायचे, आवाज कुठनं येतो ते कानाला इचारू नको, कान फसवतो. आवाज कवा येतो ते इचार. मी वहीत लिहून काढलं. नाल्यातून आली की आवाज नाही. दोन तास उन्हात उभी राहिली की थोडा. दुपारी कोरड्या वाटेवर भरपूर. वेग वाढवला तरी तेवढाच, खड्ड्यात मात्र जास्त. डावीकडं वळो की उजवीकडं, फरक नाही. ब्रेक दाबल्यावर फरक नाही. पुढच्या चाकांचं जोर देणं बंद केलं, तरी फरक नाही.

वही मिटून मी बसले. बेरिंगला ऊन-पाऊस कळत नाही. ते हबच्या आत बंद असतं. चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन चिखलानं बरी होत नाही. जे चिखल लागला की गप्प बसतं आणि चिखल वाळला की बोलतं, ते बाहेर उघड्यावर असलं पाहिजे. आणि ते गाडीचं असेलच असं नाही.

बुधवारी सकाळी पोतं अंथरून मी गाडीखाली गेले. पुढच्या धुऱ्यावर, मधे फुगलेल्या लोखंडी गोळ्याच्या मागं, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी चिखलाचा एक लांबट लगदा वळकटी घातल्यासारखा चिकटला होता. नखानं खरवडला. आत पितळ. अजून खरवडला. घुंगरू. मग दुसरं. तांबड्या दोऱ्यात ओवलेली सबंध माळ, धुऱ्याला दोन वेढे देऊन बांधलेली, आणि तिच्याशेजारी लोखंडावर हळदकुंकवाची पाच बोटं. काही घुंगरांत माती अजून ओली होती. जी वाळली होती, ती वाजत होती.

मी तिथंच उताणी पडून राहिले. मायची पाच बोटं. एवढ्याशा जागेत, या वयात, ती शिरली कशी, हेच मला कळेना.

बाहेर येऊन ओसरीवर गेले.

“माय, गाडीखाली पोळा कुणी केला?”

“मला काय ठावं?” तिनं मान वर केली नाही. “मिरच्या बघ किती भारी आल्यात यंदा.”

“हळदकुंकू बी है.”

“उंदरं आणत्यात कायबाय.”

“उंदरं पाच बोटं वडत्यात?”

तिनं हातातली मिरची टोपलीत टाकली. इकडं तिकडं बघितलं. झुंबरबाई आसपास नव्हती.

“सण न्हाई केला म्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “पुरन न्हाई केलं. रंग न्हाई दिला. निस्ती माळ बांधली. गळ्यात बांधली तर भाऊजी बघतीन, भावकी बोलंल. म्हून पोटाखाली बांधली. दुखवटा तुला मला है, गिरजे. तिनं काय केलंय? अकरा वर्सं पोळ्याला उभी राह्यली. यंदा छपरात बसून तिनं दुसऱ्याच्या बैलांचे घुंगरं ऐकावं?”

मी नखातली माती पुसली.

“ती वाजती, माय.”

“वाजल न्हाई तर काय. घुंगरं हैत.”

“आन् चार दिवस आम्ही समदे गाडीखाली डोकं घालून...”

“म्या ऐकत हुते,” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडते. मग तिच्या नाकातून आवाज आला. “त्यो मिस्त्री... डोळे मिटून... बिलकुल बराबर!”

आम्ही दोघी मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मिरचीच्या हातांनी मग ते पुसताही येईना.

संध्याकाळी काकासाहेब आले. “सापडला का आवाज?”

“न्हाई,” मी म्हणाले. वर्गात मुलांना खोटं बोलू नका असं सांगणारा माझा चेहरा मी तसाच ठेवला.

गुरुवारी सकाळी मी गाडी नाल्याकडं फिरकू दिली नाही. उजाडल्याबरोबर छपरातून काढून उन्हात उभी केली. वर काकासाहेबांनी येऊन, गाडी बरी दिसावी म्हणून, खराट्यानं पुढचा वाळला चिखल खालीवरून झाडून काढला. त्यांचे हे उपकार विसरण्यासारखे नाहीत.

कारभारी साठीचा, किडकिडीत, खांद्यावर पंचा. बोलणं कमी. गाडी चालू करून त्यानं इंजीन ऐकलं, मान हलवली. मग काकासाहेबांना शेजारी बसवून वाटेनं निघाला. बांधापर्यंत जाईस्तोवर आवाज आमच्यापर्यंत यायला लागला. काकासाहेबांच्या खराट्यानं कमाल केली होती. खुळ्ळ्, खुळ्ळ्, छन्न.

परत येऊन कारभारी उतरला. “पोतं द्या,” म्हणाला, आणि खाली शिरला.

ओसरीवर मायचा हात थांबला. गाडीपेक्षा आता तिला दुसरी धास्ती होती. त्यानं माळ हातात घेऊन बाहेर यायचं आणि काकासाहेबांसमोर धरायची, म्हणजे दुखवट्याच्या वर्षात सण केला हे उद्या सगळ्या पिंपळगावात झालं असतं. मला कालच ती सोडून ठेवायला हवी होती, हे मला त्या क्षणी कळलं.

कारभारी खूप वेळ खालीच होता. आधी खुटखुट ऐकू आली, मग तीही थांबली. पायांचे अंगठे तेवढे बाहेर दिसत होते.

बाहेर आला तेव्हा हातात काही नव्हतं. अंगठा लाल झाला होता. त्यानं त्याकडं बघितलं आणि सवयीनं, विचार न करता, तो कपाळाला लावला.

“कपाळाला काय लागलं?” काकासाहेबांनी विचारलं.

“गंज है,” कारभारी म्हणाला.

“एवढा लाल?”

“पार आतपर्यंत गेलाय.” त्यानं ओसरीकडं बघितलं. मायनं नजर खाली घेतली. कारभारीनं पंच्यानं हात पुसले, सावकाश, एकेक बोट. “काकासाहेब, तीस वर्सं झाली, गाड्या उलट्यापालट्या करून राह्यलो. बेरिंग ठीक, पाटे ठीक, किंगपिन नव्यावानी. इंजीन तर लई झ्याक. पर हा आवाज दुरुस्तीतला न्हाई.”

“म्हंजी?”

“काही गाड्या एकाच दारच्या होत्यात. दुसरीकडं नेली की रस्त्यात बसंल. मी घेत न्हाई. तुम्ही बी कुणाला देऊ नका, गिऱ्हाईक शिव्या देत दारात येईल.”

“म्या पैल्याच दिशी सांगितलं हुतं!” बांधावरून झुंबरबाई ओरडली. “म्हशीचं उदाहरन देऊन सांगितलं हुतं!”

मायनं चहा आणला. कारभारीनं तो उभ्यानंच घेतला. काकासाहेब आवाज ऐकून आलेल्या कचरूशी बोलत होते, तेवढ्यात कप परत देताना कारभारी हळूच म्हणाला, “वैनी, डावी गाठ सैल पडल्ती. म्या आवळली. सावकाश वाजू द्या.” आणि पंचा झटकून निघून गेला.

काकासाहेब खाटेवर बसले. हरलेला माणूस बसतो तसे.

“ठीक है. गाडी राह्यली. पर चालवणार कोण? गिरिजा रविवारी चालली. परत ती छपरात आन् वैनी नाल्याच्या अल्याड. खोली तर झाडून ठेवलीय म्या.”

“म्या चालवते,” माय म्हणाली.

काकासाहेबांनी वळून बघितलं. कचरूनं सुद्धा.

“वैनी,” काकासाहेब समजुतीच्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला सायकल येत न्हाई.”

“सायकलला दोनच चाकं असत्यात,” माय म्हणाली.

शुक्रवारी तिला मी गाडीत बसवलं. मूग निघालेलं रान मोकळं होतं. पाय पोचावेत म्हणून पाठीमागं गोधडीची घडी लावली. दादा बसून बसून त्या सीटला उजवीकडं एक खोलगा पडला होता. माय त्यात क्षणभर अवघडून बसली, मग नीट बसली. क्लच, ब्रेक, गिअर, सगळं तिनं दोनदा म्हणून दाखवलं, कविता पाठ केल्यासारखं. काकासाहेब समोरच्या बांधावर, हाताची घडी घालून, आत्ता सगळं बंद पडेल या खात्रीनं उभे होते.

पहिल्या झटक्याला गाडी बंद पडली. दुसऱ्याला पडली. तिसऱ्याला निघाली, पहिल्या गिअरमधे, गुरगुरत, सरळ काकासाहेबांच्या दिशेनं.

“माय, ब्रेक!”

“होऽऽ!” माय ओरडली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग मागं ओढलं, कासरा ओढावा तसं. “होऽऽ होऽऽ! थांब की!”

काकासाहेबांनी बांधावरून मिरचीत उडी घेतली. एक चप्पल मागं राहिली. चाकं बांधावर चढली, गाडीनं नाक वर केलं, आचका दिला आणि इंजीन बंद पडलं. मातीची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी समोर बघत राहिलो.

“थांबली की,” माय म्हणाली. कपाळावरचा घाम तिनं पदरानं टिपला.

“वैनी, मागं घ्या!” मिरचीतून काकासाहेबांचा आवाज आला. “आधी मागं घ्या तिला!”

मी मागच्या गिअरकडं हात नेला. मायनं तो बाजूला केला.

“मागं घ्यायचं उद्या शिकव,” ती म्हणाली, आणि चावी फिरवली. “आन् भाऊजीला म्हणावं, बाजूला व्हा. बाजार तिकडंच है.”