जोडीदार तपासला : होय

अंबाझरी तलावातल्या मगरीनं माझी बुडालेली छत्री परत आणून दिली, ही गोष्ट मी शंभर लोकांना सांगितली असेल. त्यातल्या साठांना पटली. खरं मात्र एकदा धापा टाकत सांगितलं, आणि ज्या बाईला पटायला हवं होतं तिला ते पटलं नाही.

नागपूरच्या बर्डीपासून चालत जाता येईल अशा एका सरकारी दवाखान्यात, खोली नंबर बारासमोर माझं स्टूल होतं. मी शरच्चंद्र, निवृत्त कारकून, कंत्राटावर घेतलेला. डॉक्टर अरुंधतींची पाहणी चालू होती : येणाऱ्या रोग्यांपैकी किती जणांना गुप्तांगावर चामखिळी आहेत आणि त्या कशामुळे. चोवीस प्रश्नांचा फॉर्म मी भरायचा. सतरावा प्रश्न, बाहेर कोणाशी संबंध आहे का? पहिल्या महिन्यात एकूणएक 'नाही'. फॉर्मांवर भरवसा ठेवला असता तर नागपुरात रामराज्य होतं आणि चामखिळी आभाळातून पडत होत्या. कोणी म्हणे बसच्या सीटनं झालं, कोणी म्हणे लग्नातल्या भाड्याच्या शेरवानीनं. शेरवानी मीच सुचवली होती. माणूस घामाघूम होऊन समोर बसला की त्याला एखादी थाप देणं म्हणजे पाणी देण्यासारखंच आहे, असं मला वाटायचं.

प्रेमिला कामठीची. चार वर्षांची पोरगी कडेवर घेऊन आली होती. दवाखान्याआधी सासूचा उपाय झाला होता. वरातीच्या घोडीच्या शेपटीचा केस चामखिळीला आवळून बांधला की ती गळते म्हणतात. मानेवरची गळत असेल. हिची जागा चिघळली.

"काका," ती फॉर्मकडे बघत म्हणाली, "हे कशानं झालं ते कागदावर लिवून द्या. सासू म्हणते, सरळ बाईले असे कोंब येत नाई. कागद आण, नाईतर पोरगी इथीच ठेव न तू जाय."

"कुठं जाय?"

"तेच तं. मायबाप नाईत. मनीषनगरले बहीण हाये, तिचंच तिले पुरत नाई."

खोली बाराचा नियम असा की बायकोला औषध लावायचं तर नवराही तपासायचा. नाहीतर इकडे बरं केलेलं तिकडून पुन्हा येतं. फॉर्मवर शेवटची ओळ तीच होती : 'जोडीदार तपासला : होय / नाही'. तपासणाऱ्या डॉक्टर पाळीनं बदलत, त्यामुळे सगळे फॉर्मवरच विसंबत.

पुढच्या मंगळवारी नवरा आला. धर्मेंद्र. कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा, वर्षातले आठ महिने इचलकरंजीला. तो माझ्या स्टुलापाशी हेल्मेटचा पट्टा पिळत उभा राहिला.

"काका, आत पँट काढा लागते काय?"

"नाई, डोळे तपासतात! चामखीळ कुठं हाये गा?"

"मले नाई ना पण. तिले हाये. म्हणजे तिनंच..."

त्याचा आवाज चढला. बाकावर प्रेमिलानं पोरीला घट्ट धरलं. तो असाच निघून गेला तर संध्याकाळी कामठीत काय होईल ते मला दिसलं, आणि थाप आपोआप तोंडात आली.

"लूमच्या जुन्या तेलात एक बुरशी असते," मी म्हणालो. "लुंगीतून घरी येते. माणसाचं कातडं जाड, त्याले धरत नाई. बाईले धरते."

"मंग तिची चुकी नाई?"

"काहीच नाई."

"न माही बी नाई?"

"लुंगी वेगळी धुवायची. बस."

त्याचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर त्या बुरशीवर विश्वास बसला. त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं, प्रेमिलासाठी बाहेरून उसाचा रस आणला आणि आत न जाताच कामावर गेला. फॉर्मवर 'नाही' लिहिलं असतं तर डॉक्टरांनी त्याला पुन्हा बोलावलं असतं, तो पुन्हा तडकला असता. मी 'होय'वर टिक मारली, पुढे 'काही नाही' लिहिलं. मगरीपेक्षा किती लहान थाप!

औषध लावून सहा मंगळवारांत सगळं गेलं. दोन महिन्यांनी पुन्हा आलं.

त्या दिवशी सासू सोबत होती. यमुताई. नात मांडीवर घेऊन बाकावर बसलेली. खोली बाराला दार नाही, हिरवा पडदा आहे. आत डॉक्टरांनी माझा फॉर्म बघितला आणि आवाज हळू केला.

"प्रेमिला, नवरा तपासलाय, त्याला काही नाही. मग तुला पुन्हा कुठून? दुसरं कोणी असेल तर मला सांग. मी कोणाला सांगणार नाही."

आवाज हळूच होता. पण पडदा तो पडदाच. यमुताईंनी नातीला चप्पल घातली, तिचा हात धरला आणि चालायला लागल्या. मी मागे धावलो. या वयात धावलो. बसथांब्यावर त्यांना गाठलं.

"यमुताई, थांबा! तुमच्या पोराले कोणी तपासलंच नाई. ती टिक मी मारली. खोटी."

त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"न ते लूमचं तेल?"

"तेबी खोटं."

"मंग आता हे खरं काहून असंल गा?" त्या म्हणाल्या. "धर्मेंद्र सांगे, काका लय भारी गोष्टी सांगते. मगरीची सांगा आता."

बस आली. पोरगी खिडकीतून आईला शोधत होती.

डॉक्टरांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मी भरलेले दोनशे सहा फॉर्म त्यांनी पाहणीतून काढून टाकले आणि मला नंबर पुकारायला बसवलं. प्रेमिलाचं दुखणं हिशेबातच राहिलं नाही. यमुताईंनी तिचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं होतं. ती मनीषनगरहून यायला लागली, दर मंगळवारी, एकटी.

फाल्गुनात एका मंगळवारी धर्मेंद्र दवाखान्याच्या दारात. मागे यमुताई. बाकावर बसलेल्या प्रेमिलाकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"काका, तो कागद हाये ना, मले तपासल्याचा? त्याची झेरॉक्स द्या. नवीन सोयरीक जमून राहिली. पोरीकडचे म्हणते, पहिलीले तसला रोग होता, तं तुम्ही साफ हाय याचा कागद दाखवा."

मी सरळ चेहऱ्यानं म्हणालो, "डॉक्टरच्या ताज्या शिक्क्याशिवाय चालत नाई. आत जा. दोन मिनिटांचं काम."

माझी शेवटची थाप. दोन मिनिटांची वीस झाली. तो बाहेर आला तेव्हा कमरेचा पट्टा अर्धवट लागलेला, चेहरा राखेसारखा. डॉक्टरांनी यमुताईंना आत घेतलं. पडद्याबाहेर सगळं ऐकू येत होतं.

"त्यालाही आहेत. बऱ्याच आहेत."

"मंग कोणाची कोणाले आली?"

"ते सांगता येत नाही, आजी. हा रोग वर्षानुवर्षं अंगात दडून राहतो."

"तुमाले सांगता येत नाई ना? मंग मले माहीत हाये."

बाहेर येऊन त्यांनी प्रथमच सुनेकडे बोट केलं. "हिनंच लावली माह्या पोराले."

धर्मेंद्र माझ्याकडे वळला. "काका, आईले ते तेलाचं समजावून सांगा ना."

मग बाकावरून प्रेमिलाचा आवाज आला. नजर खालीच.

"सांगा ना, काका. ते खरं होतं तवा पोरगी माह्यापाशी होती."

मी तोंड उघडलं. साठ वर्षांत पहिल्यांदा थाप तोंडात आली नाही. यमुताई पोराचा दंड धरून फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

मी पुढचा नंबर पुकारला. तो प्रेमिलाचा होता. ती उठली, पदर सावरला आणि पडद्याआड गेली.