गवताचा भारा

साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. 'ते असं म्हणताहेत की' वगैरे शेपूट लावायचं नाही. टंकलेखक आपल्या तोंडाकडे बघत असतो आणि कागदावर उतरतं ते आपलं वाक्य. साक्षीदाराचे मूळ शब्द कुठेच राहत नाहीत. सतरा वर्षं मी हे काम केलं आणि त्याचा मला भलताच तोरा होता. बाईंनी सांगितलेली साक्ष म्हणजे धुऊन इस्त्री केलेला कपडा, असं जमिनीचे दावे ऐकणाऱ्या आमच्या आयोगाचे अध्यक्ष एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, तेव्हा मी आठवडाभर हवेत होते.

इस्त्री करायची मी, हे खरंच होतं. डोंगरावरची माणसं बोलायला बसली की पोटातलं सगळं ओतून मोकळी होतात. डोक्यातल्या उवा, खरूज, भुकेपोटी भाजून खाल्लेले उंदीर, नवऱ्याच्या लाथा. त्यातलं चारचौघांत शोभणार नाही ते मी गाळून टाकायची. दाव्याशी त्याचा काय संबंध, असं स्वतःला समजवायची. कारण वेगळंच होतं. मी स्वतः डोंगरावरची होते आणि कचेरीत हे कुणालाही माहीत नव्हतं. वडिलांची नोकरी तिकडे होती म्हणून भाषा येते, अशी थाप मी रुजू होताना मारली होती. पुढे कुणी खोदून विचारलं तेव्हा खातंही ठरवून टाकलं, पोस्टाचं. मेलेल्या बापाला मी पोस्टमास्तर केलं. त्याला अक्षरओळखसुद्धा नव्हती.

आणि मग माझ्याच वस्तीचा दावा आला.

साक्षीदारांची यादी तीन दिवस आधी हातात पडली. चौथ्या क्रमांकावर माझी मावशी. दुभाष्याचं साक्षीदाराशी नातं असेल तर त्याने तसं लिहून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम आहे. त्यासाठी एक पानी फॉर्म असतो. मी तो काढला, पुढ्यात ठेवला आणि परत खणात टाकला. म्हटलं, मावशीने मला तीस वर्षांत पाहिलेलं नाही. आता केस कापलेले, चष्मा लागलेला, अंगाने दुप्पट झालेली. म्हातारीला काय ओळखू येणार! शिवाय या भाषेची आयोगाच्या यादीत मी एकटीच दुभाषी. मी बाजूला झाले तर सुनावणीच अडेल, हेही कारण मी शोधून ठेवलं. पळवाट शोधायला माझं डोकं फार चालतं.

दाव्यातला मुद्दा एकच होता. बेचाळीस वर्षांपूर्वी वनखात्याने डोंगर बंद केला आणि वस्तीला खाली रस्त्यालगत आणून वसवलं. लोकांचा जमिनीशी संबंध त्यानंतरही तुटला नव्हता, हे सिद्ध झालं तर डोंगर त्यांना परत मिळणार होता आणि तिथला कारभारही त्यांच्याच पंचांकडे जाणार होता. संबंध तुटला असं ठरलं तर मिळणार काहीच नव्हतं. खात्याच्या वकिलांचं म्हणणं होतं की ही माणसं खाली आली ती आलीच, परत वर फिरकली नाहीत.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. भिंतीला लावलेली बाकं, हिरव्या कापडाचं लांब टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास आणि एक कुरकुरणारा पंखा. मागे वस्तीतली पंचवीसेक तरुण मंडळी बसली होती. पण ती जन्मली खालीच. आजीच्या भाषेतल्या चार शिव्या आणि एक अंगाईगीत, एवढीच त्यांची शिदोरी. वस्तीच्या वकीलबाईही शहरातल्या. ज्यांना भाषा येत होती ते सगळे म्हातारे साक्षीदार असल्यामुळे नियमाप्रमाणे बाहेर व्हरांड्यात बसवलेले, साक्ष झालेलेसुद्धा. म्हणजे त्या खोलीत मावशी काय बोलते हे समजणारी माणसं दोनच होती, ती आणि मी.

मावशी आली. वाळून काटकी झाली होती, पण चाल तीच, जमीन आपल्या बापाची असल्यासारखी. खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुमचं नाव आणि वय सांगा," मी आमच्या भाषेत तिला अहोजाहो केलं.

"तुझ्या आईसारखी भुवई उडवतेस," ती म्हणाली. "आणि मला अहो काय म्हणतेस गं?"

"वय पंच्याहत्तरच्या आसपास," मी टंकलेखकाला सांगितलं.

पहिली वीस मिनिटं सुरळीत गेली. वर घरं किती होती, शेतं कुठे होती, गार्डांनी छपरं कशी पेटवून दिली. मी इस्त्री फिरवत होते, अध्यक्ष मान हलवत होते. मग वकीलबाईंनी विचारलं, "खाली आल्यानंतर तुम्ही कधी वर गेलात का?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. नंतर बोलली ती माझ्याकडेच बघून.

"गेलो. खात्याने वर गार्डांसाठी शेड बांधल्या होत्या. त्या शाकारायला गवत लागायचं. आम्ही बायका खालून भारे वाहायचो, म्हणून नाक्यावर आम्हाला सोडायचे. त्या भाऱ्यांत आम्ही आमचे मेलेले नेले. खाली पुरलं तर माणूस परक्याच्या दारात निजल्यासारखं, ते आमच्यात चालत नाही. माणूस गवतात घालायचं, वरून बांधायचं आणि डोक्यावर घ्यायचं. अकरा जणांना नेलं आम्ही. वरच्या झऱ्याच्या उजव्या अंगाला आहेत सगळे, खणून बघा. पहिली माझी बहीण होती. हिची आई." तिने माझ्याकडे बोट केलं. "दुखण्याने एवढीशी झाली होती. तिला डोक्यावर घेऊन मी नाक्यावर आले तर गार्ड म्हणतो, आज भारा फार जड दिसतोय, काय सोनं भरलंय की काय? आणि मी हसले. तो ओळखू नये म्हणून हसले, चांगली खिदळले. म्हटलं, ओलं गवत आहे साहेब. बहीण डोक्यावर आणि मी हसतेय. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आज हिच्यासमोर सांगते आहे."

माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, वसतिगृहात. 'सगळं नीट झालं' एवढा निरोप आला होता. कुठे, कसं, कुणी केलं, हे मी नंतर चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची गरज पडू नये अशीच माझी इच्छा होती.

आणि आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. टंकलेखकाची बोटं तयार. समोर खात्याचे वकील, रोज जेवताना माझ्या डब्यातलं लोणचं मागणारे, डोंगरावरच्या लोकांचे विनोद मला हक्काने सांगणारे. त्या विनोदांना मी हसलेलीही होते. नियमाप्रमाणे मला म्हणायचं होतं, मी माझ्या बहिणीला, या दुभाषी बाईच्या आईला, गवताच्या भाऱ्यात घालून नेलं.

मी म्हणाले, "हो. खात्याच्या शेडसाठी गवताचे भारे घेऊन आम्ही बायका अधूनमधून वर जात असू."

एवढंच. टंकलेखकाने ओळ संपवली. वकीलबाईंचा चेहरा पडला. त्यांनी ऐकलं होतं की म्हातारी खूप वेळ बोलली आणि बाईंनी ते एका वाक्यात उरकलं. "अजून काही म्हणाल्या का त्या?" त्यांनी विचारलं.

"बहिणीच्या आठवणी. व्यक्तिगत आहे," मी म्हणाले.

खात्याचे वकील खुशीत उठले. "म्हणजे आपण वर गेलात ते खात्याचे मजूर म्हणून. स्वतःच्या कुठल्याही कारणासाठी नाही. बरोबर?"

मी प्रश्न मावशीला सांगितला. तिला कळेना. "अगं, पण आत्ताच तर सांगितलं ना मी." मग ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं. टेबलाकडे पाहिलं, मागच्या पोरांकडे पाहिलं. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. "तू सांगितलंच नाहीस होय?" ती हळूच म्हणाली.

मी समोरचे कागद सारखे केले.

"यांना ठाऊक नाही तू कोणाची ते?"

"नाही."

"मग हो म्हण त्यांना. तू सांगितलंस तसंच होतं म्हण."

आणि मी म्हटलं. "हो, बरोबर आहे." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला मी तिला चहा नेऊन दिला. तिने बशीत ओतून फुंकर घातली. ती चिडेल, शिव्या घालेल, अशी माझी अपेक्षा होती. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नोकरी पक्की आहे?" तिने विचारलं.

"हो."

"मुलं?"

"एक मुलगी. शिकते आहे."

"तिला तरी ठाऊक आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"असू दे," ती म्हणाली. "तुझ्या आईला तू साहेबीण व्हायला हवी होतीस. झालीस." कप माझ्या हातात परत देताना ती म्हणाली, "मला वाटलं, मी हसले म्हणून तू ते सांगितलं नाहीस. माझी लाज झाकलीस."

ज्या बाईने माझ्या आईला डोक्यावरून वर नेलं, ती स्वतःला दोष देत होती, आणि मी तिथे चहाचा कप धरून उभी होते. इतकं मेल्याहून मेल्यासारखं मला आयुष्यात कधी झालं नाही.

दुपारी नोंद वाचून दाखवायची वेळ आली. साक्षीदाराला त्याच्या भाषेत सगळं वाचून दाखवायचं, त्याने मान्य केलं की अंगठा घ्यायचा. मी वाचत गेले. घरं, शेतं, पेटलेली छपरं. मावशी प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती. शाईचा डबा तिच्यापुढे उघडून ठेवला होता. मी त्या वाक्याशी आले. 'गवताचे भारे घेऊन अधूनमधून.' मावशीने हुंकार दिला. माझ्यासाठी दिला. आणि अंगठा शाईत बुडवला.

"थांब, मावशी," मी म्हणाले. ते मी शहरी भाषेत म्हणाले आणि सगळ्यांनी ऐकलं.

मग अध्यक्षांकडे वळून मी सांगितलं. ही माझी सख्खी मावशी आहे. नोंदीतलं हे वाक्य खोटं आहे आणि ते मी केलं आहे. गवतात माणसं होती, अकरा. पहिली माझी आई. झऱ्याच्या उजव्या अंगाला खणून पाहा. मी सगळं सांगितलं, पोस्टमास्तरपर्यंत. आवाज फाटला, पण सांगितलं. मागच्या बाकांवर कुणीतरी रडायला लागलं. वकीलबाई उभ्या राहिल्या. आता झालं, निदान आता तरी झालं, असं मला वाटलं. स्वतःविषयी जरा बरंही वाटायला लागलं होतं, इतकी मी निर्लज्ज.

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई," ते म्हणाले, "नातेवाईकाने केलेला अनुवाद ग्राह्य धरता येत नाही. आधी सांगितलेला धरता येत नाही, तसाच आत्ता सांगितलेलाही नाही. या साक्षीदाराची संपूर्ण साक्ष रद्द करावी लागेल. या दाव्यातल्या पहिल्या तीन साक्षीही तुम्हीच सांगितल्यात, त्यांचंही काय करायचं ते पाहावं लागेल. दुसरा दुभाषी मिळाला की यांनी पुन्हा साक्ष द्यावी."

"दुसरा दुभाषी नाहीये यादीत," वकीलबाई म्हणाल्या.

"शोधावा लागेल. तोवर पुढची तारीख." टंकलेखकाने माझ्या हातातली नोंद घेतली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली.

मावशीचा अंगठा शाईने निळा होऊन हवेतच थांबला होता. "काय झालं?" तिने विचारलं. "आता खरं लिहिलं ना त्यांनी?"

"नाही, मावशी. सगळंच खोडलं. मी तुझी आहे म्हणून."

"मग?"

"मग तुला पुन्हा सांगावं लागेल. दुसऱ्या कुणाला तरी. चारसहा महिन्यांनी."

"पुन्हा?" ती म्हणाली. "ते हसणंसुद्धा?"

"हो."

तिने अंगठा पदराला पुसला. खुर्चीतून उठायला गेली आणि परत बसली. मग माझ्याकडे न बघता, खाली फरशीकडे बघत म्हणाली, "पोरी, एकदाच सांगता येईल एवढंच बळ आणलं होतं गं मी."

अध्यक्षांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. "साक्षीदार काय म्हणताहेत?" त्यांनी विचारलं.

टंकलेखकाने कोरा कागद घातला होता. सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि ते सांगायचा अधिकार मला राहिला नव्हता.