न ओरडता विकणारे

माझ्या वडिलांचं नाव चंपत, पण कामरगावात त्यांना हवाई चंपत म्हणत. मला बंगळूरला नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी कावीळ झाली, तेव्हा बाबा नागपूरहून जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. कावीळ गेली, विमान राहिलं. भाजीचा एखादा वाफा मोकळा झाला की त्यांचा फोन यायचा, "करमून नाही राह्यलं वं बाई," आणि मी तिकीट काढायची. परत गेले की स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांचं व्याख्यान असे.

विमान कंपन्या तोट्यात का जातात, याबद्दल त्यांची मतं पक्की होती. "उडालेलं विमान म्हंजे उठलेला बाजार. खाली राह्यलेली सीट अन सुकलेला सांभार, सारखाच माल." सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. इथवर मलाही पटायचं. हेच मी एका जाडजूड पुस्तकात आकृत्यांसकट वाचलं होतं. पण पुढे बाबा सुटायचे. "मंग दार लावाच्या आधी भाव पाडून इका ना! तं नाही. आखरीले येते त्याले दुप्पट. अशानं गिऱ्हाईक टिकते का?" खिडकीचे वेगळे पैसे घेतात याचा त्यांना विशेष राग. "खिडकी का त्यायनं माह्यासाठी पाडली? थे आधीच होती." विमानाच्या मागच्या बाजूला चार माणसं सहज उभी राहतील, वर एसटीसारखा दांडा लावला तर नफाच नफा, ही सूचना त्यांनी एका हवाई सुंदरीला खरोखरच केली होती. "वर कळवते," ती म्हणाली. पुढच्या प्रवासात बाबा दांडा शोधत होते.

सेवेबद्दल मात्र त्यांची एकच तक्रार होती. हे लोक न ओरडता विकतात. "ट्रॉली अशी नेतात, का जसं घरात लेकरू झोपलं हाय."

याच तक्रारीतून ती गोष्ट निघाली, जिच्यावरून आमच्या घरात पुढे कायम भांडण राहिलं. बाबांनी टपरीवर सांगितलं की ट्रॉलीतला उपमा कोणी घेईना, तेव्हा आपण उभं राहून हाक दिली आणि सगळी ट्रॉली रिकामी केली.

हे माझ्या आईच्या, प्रयागबाईच्या कानावर गेलं. कारंज्याच्या बाजारात आमची भाजी विकायची ती आई. बाबा तिच्या मागे बसून जुड्या बांधत. गिऱ्हाइकाने त्यांना भाव विचारला तर ते आईकडे बोट दाखवत.

"माह्या मांगं बसून जलम गेला," आई म्हणाली, "कदी 'घ्या' म्हून तोंडातून निघालं नाही. अन ढगात जाऊन आवाज फुटला?"

"तिथं हवा पतली असते," बाबा म्हणाले. "आवाज दूर जाते."

पौषात बाबा गेले. तेरवीनंतर आई फोनवर हो-नाहीपलीकडे काही बोलेना. माझ्याकडे ये म्हटलं की, भाजीला पाणी कोण देणार, हे ठरलेलं उत्तर. मग चैत्रात एक दिवस ती आपणहून म्हणाली, "येतो. शेजारची सरिता पाह्यते म्हंते भाजीकडं. पन विमानानंच नेजो. तिथं वरडता येते का नाही, मले पाह्याचं हाय."

"आई, जाऊ दे ना आता ते."

"कायले जाऊ दिऊ? मानूस गेला. भांडन नाही गेलं."

माझी पंचाईत झाली. उपम्याच्या त्या प्रवासात मी बाबांच्या शेजारीच बसले होते. बाबा ओरडले नव्हते. टपरीवरच्या त्यांच्या आनंदात मी कधी मिठाचा खडा टाकला नाही, आणि आईनेही मला थेट कधी विचारलं नव्हतं. आता ती विचारणार होती. खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं. खरं सांगितलं असतं तर बाबा खोटे पडले असते, आणि त्यांचं म्हणून तिच्याकडे उरलेलं हे एवढं भांडणही संपलं असतं.

नागपूरला विमानतळावर आईची पिशवी यंत्रातून गेली. आत लुगडी आणि सांभाराच्या जुड्या. तपासणाऱ्या माणसाने हुंगून परत दिली. विमानात मी तिला खिडकीशी बसवलं.

"खिडकीचे पैसे देल्ले?"

"दिले."

"तुह्या बाबाले समजलं तं..." ती म्हणाली आणि पट्टा ओढून पाहू लागली.

विमान वर स्थिर झालं. ट्रॉली आली. ढकलणारीच्या छातीवर प्रियदर्शनी असं नाव होतं. ती प्रत्येक रांगेशी वाकून काहीतरी कुजबुजायची, लोक कानातली बोंडं न काढता मान हलवायचे, ती पुढे सरकायची. आई हे बघत होती. तिची बोटं मांडीवर चाळवत होती.

"पोरी, काय इकून राह्यली?"

"उपमा आहे काकू. पोहे, सँडविच."

"उपमा कवाचा?"

"कपात तयार असतो. गरम पाणी टाकलं की झाला. आत्ता टाकून देते."

"मंग तसं सांग ना लोकायले, आताच उतरवला म्हून!"

"काकू, आम्हाला ओरडायची परवानगी नाही."

"तुले नाही. मले कोनं अडवलं?"

मी तिचा पदर धरेपर्यंत पट्टा सुटला होता. डोकं वरच्या फळीला लागू नये म्हणून ती अर्धवट वाकून उभी राहिली आणि तिने हाक दिली. कारंज्याच्या बाजारात गाड्यांच्या भोंग्यांवरून जाणारी हाक. "घ्या हो दादा, घ्या वं माय! गरम उपमा, आताच उतरवला! खाली गेल्यावर भेटत नाही हो!"

समोरच्या टाय लावलेल्या गृहस्थांनी कानातलं काढलं. मी पायाखालच्या गालिच्याकडे पाहू लागले. मग मागून कोणीतरी आपल्याकडच्याच सुरात विचारलं, "मावशी, वरून सांभार हाय का?"

"हाय ना!" आईने सीटखालची पिशवी ओढली. "उपमा घेतला तं सांभार फुकट!"

त्यानंतर प्रियदर्शनीला दोनदा पाणी आणायला जावं लागलं. आई प्रत्येक कपावर हाताने खुडून सांभार टाकत होती. टायवाल्यांनी दोन घेतले. तेवढ्यात पुढून प्रियदर्शनीचे वरिष्ठ आले, चेहरा कडक, "मॅडम, प्लीज बसून घ्या." आईने त्यांच्या हातात एक जुडी दिली आणि बसली. ते जुडी धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

उपमा संपला होता. आईला धाप लागली होती, गाल लाल झाले होते. बऱ्याच महिन्यांनी मी तिला अशी पाहत होते. ती माझ्याकडे वळली.

"त्यायनं बी असंच केलतं का?"

'हो' म्हणणं आता अगदी सोपं होतं.

"नाही," मी म्हणाले. "बाबा उठलेच नाहीत. ट्रॉली भरलेलीच मागे गेली, तेव्हा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, तुही माय असती तं आतापावतर सारी खाली केली असती."

आई खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर नुसता पांढरा ढग होता.

"मंग भांडन मी जितलो," ती शेवटी म्हणाली. पण जिंकल्यासारखा आवाज नव्हता. थोड्या वेळाने पदराने नाक पुसून तिने विचारलं, "असं म्हनले थे? सारी?"

"सारी."

"घरी कायले नाही सांगतलं मंग, लबाडानं?"

प्रियदर्शनी चहाचा कप घेऊन आली. पैसे नको म्हणाली.

"पाह्यलं?" आई मला म्हणाली. "वरून द्याची अक्कल आली कंपनीले." तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि कप संपवला.

उतरायची सूचना झाली. मी तिचा पट्टा लावून देत होते.

"परतीले खिडकी नको घेऊ," ती म्हणाली. "ट्रॉलीच्या बाजूची घेजो. पोहे राह्यले तिचे."