आबा प्यायलेले नव्हते

छापखान्यात कागद कापायचं मशीन आबा चालवत. अबोल माणूस, पण हात असा की एका कापात गठ्ठा सरळ. त्या दुपारी मात्र त्यांनी अख्खा गठ्ठा तिरका कापला. मुकादमाने विचारलं तर जीभ जड, शर्ट घामाने थबथबलेला. ज्या माणसाने कधी कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं, त्याने मुकादमाला शिवी हासडली.

"भरदिवसा लावून आलाय," मुकादम म्हणाला आणि त्याने आबांना फाटकाबाहेर, उन्हातल्या बाकावर नेऊन बसवायला लावलं. एकाने मोबाइलवर व्हिडिओही काढला.

आबांची बायको समोरच्या लाँड्रीत इस्त्री करायची. सगळे त्यांना काकू म्हणत. तुमचे हे झिंगलेत, असा निरोप त्यांना आला. आबा दारूला शिवत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी नुकतंच इन्सुलिन सुरू केलंय, हेही. त्या धावल्या. आबांचं कपाळ गार होतं, हात थरथरत होते. घोट गिळता येतोय एवढं बघून त्यांनी साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू आबांची नजर स्थिर झाली. आपण इथे कसे, असं त्यांनी विचारलं.

काकू आत गेल्या. जेवणाची सुट्टी कधी झाली, असं त्यांनी मुकादमाला विचारलं. घाईचं काम होतं, आज दिली नाही, असं उत्तर आलं.

"इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला की साखर उतरते," काकू म्हणाल्या. "बघता बघता जीव जातो. आणि तुम्ही त्यांना उन्हात टाकलंत. कुत्र्यालासुद्धा कुणी पाणी विचारतं."

मुकादम गोरामोरा झाला. "आम्हाला काय माहीत? त्यांनी कधी सांगितलंच नाही."

ते खरं होतं, आणि त्यानेच काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आबा मान खाली घालून बसले होते. आजाराची लाज, आणि मधुमेह कळला तर मशीनवरून काढतील ही भीती, म्हणून लपवलं होतं. हात कापायला लागले, भुकेने जीव कासावीस झाला, तरी डब्याला हात लावला नव्हता.

"लाज वाटली ना साखरेची?" काकू बाहेर येऊन त्यांना म्हणाल्या. "पात्याखाली बोटं गेली असती, मग काय केलं असतं त्या लाजेचं?"

संध्याकाळी त्या आबांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस कमी केला, खिशात कायम साखर ठेवायला सांगितली. मग तळपाय तपासले. डाव्या अंगठ्याला स्पर्शच कळत नव्हता. हे कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. आबा म्हणाले, झाले असतील काही महिने. त्या रात्रीपासून काकू स्वतः त्यांचे पाय तपासू लागल्या.

दुसऱ्या दिवशी आबांनी सगळ्यांसमोर आपला आजार सांगितला. भीती होती तेच झालं. मुकादमाने त्यांना कागदांच्या मोजणीला बसवलं. काकू थेट मालकाकडे गेल्या. साखर आटोक्यात आली की मशीन परत मिळेल आणि कुणाचीच जेवणाची सुट्टी बुडणार नाही, असं त्यांनी त्याच्याकडून वदवून घेतलं. साखर आटोक्यात आली, मशीनही मिळालं.

मुकादमाने नंतर माफी मागितली. काकूंनी ती ऐकून घेतली. माफ मात्र केलं नाही.