तोंडाचा वास

एसटी डेपोत सगळे त्या ड्रायव्हरला ढोल म्हणत. पोटावर थाप मारून तो स्वतःच सांगायचा, "वाजवा की! पोकळ नाही, चांगला भरलेला आहे." पण यंदाच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याचं पोट स्टिअरिंगला घासतंय हे चारचौघांत दाखवलं आणि म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर लांबच्या गाडीवरून तुम्हालाच उतरावं लागेल." सगळ्यांबरोबर तोही हसला. घरी आल्यावर मात्र शर्ट काढताना त्याने आरशाकडे पाठ केली.

बायकोला सांगायची लाज वाटली. "जरा हात आखडता घ्या," हे ती जन्मभर सांगत आली होती आणि हा ताट चाटूनपुसून उठत आला होता. म्हणून त्याने गुपचूप सुरुवात केली. भात, ब्रेड, बटाटा, साखर सगळं बंद. डबा कंडक्टरच्या पोटात जाऊ लागला. हा उकडलेली अंडी, कोबी आणि मूठभर दाण्यांवर दिवस काढायचा. घरी आला की "डेपोतच खाल्लं" म्हणून ताट बाजूला सारायचा.

एके सकाळी बायको त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करायला जवळ आली आणि थबकली. त्याच्या तोंडाला गोडसर, आंबूस वास येत होता, सडायला आलेल्या सफरचंदासारखा. तो गेल्यावर तिने कपाटामागे, पलंगाखाली, जुन्या बुटांतसुद्धा हात घालून बघितलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मुलगी लहान असताना हा माणूस प्यायचा. एकदा शाळा सुटल्यावर तिला आणायचं विसरून तो रात्रीपर्यंत गुत्त्यात बसला होता. शेवटी शाळेच्या रखवालदाराने पोरीला घरी आणून सोडलं. त्यानंतर त्याने दारू सोडली ती सोडलीच. पण ती आजही सुटलेलीच आहे, हे खात्रीने कोण सांगणार होतं?

डेपोत गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हरला एका यंत्रात फुंकावं लागे. त्या सकाळी त्याने फुंकलं आणि लाल दिवा लागला. मागे गाडीत प्रवासी बसलेले होते.

"पुन्हा फुंका," आगारप्रमुख म्हणाले.

पुन्हा लाल.

"साहेब, मी घेतलेली नाही."

बोलता बोलता त्याच्याच कानांना ते खटकलं. पूर्वी दाराच्या चौकटीला धरून, झोकांड्या खात तो बायकोला हेच सांगायचा. शब्द तेच होते, आवाजही तोच. गाडीतून कुणीतरी म्हणालं, "चला, आज थोडक्यात वाचलो." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

प्रमुखांनी घरी फोन केला. बायको मुलीला घेऊन आली. मुलगी आता कॉलेजात होती. प्रमुखांनी विचारलं तेव्हा बायको खाली बघत म्हणाली, "गेले काही दिवस मलाही वास येतोय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग घसा साफ करून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी वजन उतरवतोय. भात-ब्रेड सोडलाय. त्याच्याशी काही संबंध असेल तर बघा."

टेबलाशी बसलेला कारकून फिस्सकन हसला. "ढोल आणि डाएट!"

मुलगी हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "निदान थाप तरी पटेल अशी मारायची."

"माझं रक्त काढा," तो म्हणाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त आणि लघवी तपासली. रक्तात दारूचा थेंब नव्हता, साखरही ठीक होती. लघवीच्या पट्टीचा रंग मात्र गडद जांभळा झाला होता.

"हे कीटोन," त्या म्हणाल्या. "शरीराला साखर मिळेनाशी झाली की ते साठवलेल्या चरबीला हात घालतं. ती चरबी यकृतात जाते आणि यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं. मग मेंदू, हृदय, स्नायू त्यांच्यावर चालतात. उपाशी माणूस तग धरतो तो असाच. त्यातलाच एक ॲसिटोन. नेलपॉलिश पुसायच्या औषधाला वास असतो ना, तोच. तो श्वासातून बाहेर पडतो. थोड्याचं तर शरीरातच अल्कोहोलच्या जातीचं एक रसायन बनतं. साध्या यंत्राला पिण्याची दारू आणि ते यांतला फरक कळत नाही." मग त्यांनी आवाज चढवला. "पण हे असं कुणाला न विचारता, अर्धपोटी गाडी चालवत? प्रवाशांचा तरी विचार करायचा!"

प्रमुखांनी त्याचा हात धरला. "मनावर घेऊ नका. उद्या या कामावर."

सगळे बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "मी साहेबांसमोर बोलायला नको होतं."

"तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो," तो म्हणाला. आणि ते खरं होतं, म्हणूनच तो जास्त खजील झाला. त्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास बसेना, अगदी घरच्यांचासुद्धा. शेवटी रक्ताला साक्ष द्यावी लागली. आणि ही वेळ दुसऱ्या कुणी आणली नव्हती.

मुलगी लांब खिडकीशी पाठमोरी उभी होती. तो जवळ गेला.

"आता तरी ओरडा माझ्यावर," ती काचेकडे बघतच म्हणाली.

तोंड उघडलं तर तिला तो वास येईल, म्हणून त्याने मान वळवली आणि मगच बोलला, "शाळेच्या दारात तू किती वेळ बसली होतीस गं?"

"आठवत नाही."

"मला आठवतं. माझं ऐकलं नाहीस ते बरोबर केलंस."

ती रडायला लागली. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला कळेना. तो तसाच बाजूला उभा राहिला. शेवटी बायकोनेच येऊन दोघांना कॅन्टीनमध्ये नेलं, ब्रेडची एक स्लाइस मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "उद्यापासून मला विचारून उपाशी राहायचं."

तो मान खाली घालून खाऊ लागला.