सातवा नियम

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायला नको. दुसऱ्यांनी सांभाळायची सोडलेली बावीस म्हातारी माणसं सांभाळायची, तर गोड बोलून भागत नाही. कोल्हापूरच्या बाहेर पन्हाळ्याच्या रस्त्याला, शेंगांच्या एका जुन्या गोदामात ट्रस्टनं वृद्धाश्रम काढला आणि व्यवस्थापिका म्हणून मला नेमलं, ते साल एकोणीसशे शहात्तर. कागदावर माझं नाव वेगळं होतं, पण तिथं सगळे मला आक्काच म्हणत, माझ्याहून तीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

आश्रमाला सरकारी मान्यता होती आणि मान्यतेबरोबर छापील नियम आले होते. एकूण एकोणीस. दोन खाटांमध्ये तीन फूट अंतर हवं, पिण्याचं पाणी झाकलेलं हवं, चादरी आठवड्याला बदलायच्या, कुणी आजारी पडलं तर वहीत वेळ लिहायची. मला सगळे पाठ होते. त्यातला सातवा असा: ज्याला स्वतःचं स्वतः उठता, चालता, पाहता येत नाही, त्याला आश्रमात ठेवता येणार नाही. आमच्याकडं नर्स नव्हती, म्हणून. हा नियम मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. वाचता येणाऱ्या तिघांनी तो बाकीच्यांना वाचून दाखवला, आणि त्या दिवसापासून आश्रमात कुणाचेच गुडघे दुखेनासे झाले. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं होतं.

खैरुनबी कोडोलीची. तिचा नवरा मौला भांड्यांना कल्हई लावत गावोगाव फिरायचा. तो गेला, पोटी मूल नव्हतं, आणि पुतण्या दस्तगीरनं तिला आमच्याकडं आणून सोडली. अंगानं काडी आणि तोंडानं फटकळ. नकला अशा करायची की ज्याची नक्कल असे तोही हसायचा. शेजारच्या खाटेवर मलकापूरकडची तानाबाई होती, शेतात राबलेली थोराड बाई, बोलणं मोजकं. दोघी सदा एकत्र. जेवायला, न्हाणीला, उन्हात बसायला तानाबाईचा हात खैरुनबीच्या खांद्यावर असायचा. उतारवयात जीव लागलाय एकमेकींना, असं मी धरून चालले होते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये माझा नवरा गेला. दोन वर्षं छातीच्या दुखण्यानं अंथरुणावरच होता. मी सकाळी त्याच्या उशाशी तांब्या ठेवून यायची आणि संध्याकाळी परत जायची. त्या दिवशी सरकारी तपासणी जवळ आली होती म्हणून मी चादरी मोजत होते. शेजारचे गणपतराव सायकल मारत सांगायला आले तेव्हा माझ्या मांडीवर चादरींचा ढीग होता.

चौदाव्या दिवशी कामावर आले. दोन्ही हातांत डझनभर काचेच्या बांगड्या घालायची माझी सवय. मी येतेय हे सगळ्यांना ओसरीवरच कळायचं. आता हात मोकळे होते. चप्पल बाहेर काढली आणि बायकांच्या खोलीत पाऊल टाकलं. मधोमध खैरुनबी उभी. पदर खोचलेला, मान ताठ, कमरेवर हात. मीच होते ती. माझ्याकडं तोंड करून बसलेल्या बायकांचं हसू पाहता पाहता विझलं. बयाबाईनं तोंडाला पदर लावला. खैरुनबीला वाटलं, नक्कल फिकी पडतेय. तिनं आवाज चढवला.

"आगं हसा की. खोटं हाय व्हय? नवरा तिकडं पानी पानी करत गेला म्हनं, आन् ही हितं आमच्या चादरी मोजत हुती. एक कमी भरली म्हनून परत मोजाय बसली. सुटला बिचारा. आडकलोय ते आमीच."

कुणी हसेना. मग तिला दारात कुणीतरी असल्याचं जाणवलं असावं. ती वळली. माझ्यापासून चार हातांवर, सरळ माझ्या तोंडाकडं तोंड करून ती हसली.

"कोन आलंय? या की पावनं, बसा."

"खैरुन, गप," तानाबाई म्हणाली. "आक्का हायत."

मी मागं फिरले. ऑफिसात जाऊन बसले. रडू आलं नाही. एक चादर खरंच कमी भरली होती आणि मी खरंच परत मोजायला बसले होते. हे त्यांना कुणी सांगितलं, याचा विचार करत राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्या आगीतच मला दुसरी गोष्ट उमगली. ह्या बाईला दिसत नाही. आली तेव्हा थोडं दिसत असेल, आता काहीच दिसत नाही. ती तांदूळ निवडायची ते मान वर करून, बोटांनी. खांद्यावरचा तानाबाईचा हात. जिथं तिथं तानाबाईचा खोकला. बावीस माणसांनी मिळून वर्षभर माझ्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

दुपारी तानाबाई आली. दाराशीच उभी राहिली.

"तिला ठावं न्हवतं तुमी हायसा. दिसलं आसतं तर बोलली आसती व्हय?" म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पुतण्या दारात उबं करत न्हाय तिला. हितनं काडली तर ती जानार कुटं?"

"तपासणी मंगळवारी आहे," मी म्हणाले. "साहेबांना दिसेल ते दिसेल."

तिनं त्याचा चांगला अर्थ घेतला. मी तसा घेऊ दिला.

दुसऱ्या दिवशी खैरुनबी स्वतः आली, भिंतीला हात न लावता. ती दारात दिसताच मी आवाज न करता खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. ती टेबलापुढं थांबली.

"आक्का, जीभ झडावी माजी. तुजं दुख मला कळंना व्हय? मी बी तसलंच दुख बगितलंय. मौला मेला तवा मी बी घरात न्हवतो, पान्याला गेलतो. मनात सलतंय ते आपलं तोंडातनं भाईर पडलं."

ती खुर्चीची माफी मागत होती. मी मागू दिली. संपल्यावर खिडकीतून म्हणाले, "जा, तांदूळ निवड." आवाज भलत्याच बाजूनं आला तेव्हा तिचं तोंड उतरलं. मला कळलंय, हे तिला त्या क्षणी कळलं.

मंगळवारपर्यंत चार दिवस होते. खाटेपासून साहेबांच्या टेबलापर्यंत अकरा पावलं. बायकांनी ती अकरा पावलं तिच्याकडून घोटून घेतली. मी आत असले की पुरुषांच्या खोलीतले आकाराम ओसरीवर राखणीला बसत. तानाबाईचा एक खोकला म्हणजे थांब, दोन म्हणजे डावीकडं. ते सगळं मला खिडकीतून दिसत होतं. एका शब्दात थांबवता आलं असतं, किंवा एका शब्दात धीर देता आला असता. मी रोज पाहत होते आणि मला ते आवडत होतं. खरं तेच सांगायचं तर हेच सांगायला हवं.

साहेब आले ते घामाघूम होऊन. शांत, सज्जन माणूस. त्यांनी पाणी झाकलंय का पाहिलं, खाटांमधलं अंतर पट्टीनं मोजलं, वह्या चाळल्या. मग टेबलाशी बसून एकेकाला बोलावलं. नाव, गाव, तक्रार. खैरुनबीचं नाव आलं. ती उठली आणि अकरा पावलं चालली, घरातल्या घरात चालावं तशी. तानाबाई खोकली. ती थांबली, हात जोडले, नाव सांगितलं.

"मावशी, दिसतं का नीट?"

"दिसतंय की सायेब. उनातनं आलाय, दमलाय तुमी."

त्यांचा श्वास साऱ्या खोलीला ऐकू येत होता. साहेब हसले आणि तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. तानाबाईनं डोळे पुसले. माझं काम तिथं संपायला हवं होतं.

मी माठातलं पाणी पेल्यात घेतलं. खैरुनबीच्या पुढं गेले आणि पेला तिच्या समोर धरला, छातीपासून वीतभर अंतरावर. बोलले नाही. साहेबांना वाटलं, म्हातारीला पाणी देतेय. ते पाहत राहिले. ती त्यांच्या दिशेला तोंड करून हसतच होती. मी पेला तसाच धरून ठेवला. तानाबाई एकदा खोकली, मग दोनदा, मग सारखीच खोकायला लागली. पाण्यासाठी त्यांनी काही ठरवलंच नव्हतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, पाणी घ्या," ते हळू म्हणाले.

खैरुनबीचं हसू तसंच राहिलं. तिनं हात पुढं केला, उजवीकडं चाचपलं, मग डावीकडं. बोटं पेल्यावर आदळली आणि पाणी तिच्याच लुगड्यावर सांडलं.

"तुम्हाला माहीत होतं?" साहेबांनी मला विचारलं.

"आत्ताच लक्षात आलं," मी म्हणाले.

साहेबांनी खूण खोडली. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण नियम त्यांचा नव्हता आणि माझाही नव्हता, एवढं आम्ही दोघं एकमेकांना बोललो. सातव्या नियमाखाली आठ दिवसांत नातेवाइकांच्या ताब्यात द्यावी, असा शेरा पडला.

मी दस्तगीरला कार्ड टाकलं. तो सहाव्या दिवशी आला. "न्हेतो की," म्हणाला. "काकी हाय माजी." खैरुनबीनं आपली पत्र्याची पेटी भरली. अंथरुणावरची चादर काढून चौघडी घातली आणि चाचपत माझ्या हातात दिली.

"मोजून घे आक्का," म्हणाली.

त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तानाबाई निरोप द्यायला बाहेर आली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली होती. दोन दिवस तिनं ताटाला हात लावला नाही आणि मी वहीत लिहिलं: भूक मंद.

रिकामी खाट ठेवून चालत नाही, यादीत माणसं थांबलेली असतात. दुसऱ्याच दिवशी पेठ वडगावची धोंडुबाई त्या खाटेवर आली. डोळे चांगले होते तिचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकून सगळी आडवी झाली होती. मी अंगणात वाळवण राखत बसले होते. फाटकाशी एक हवालदार येऊन उभा राहिला. त्याच्या हाताला धरून खैरुनबी. पेटी नव्हती. लुगडं मळलेलं, ओठ सुकलेले.

"बाई, ही म्हातारी स्टँडवर बसून हाय परवापास्नं," हवालदार म्हणाला. "पुतण्या तिकीट काडून येतो म्हनून गेला, त्यो आलाच न्हाय. दुसरा पत्ताच सांगता येईना तिला. ह्याच आश्रमाचं नाव घेतीया. तुमच्यातलीच न्हवं?"

मी फाटकापाशी गेले. बोलले नाही. बोलले असते तर तिला कळलं असतं की मी आहे.

खाट नव्हती, हे खरं. शेरा होता, हेही खरं. पण ओसरीवर एक घोंगडं टाकायला कुठलाच नियम आड येत नव्हता. दोन दिवस ठेवून घेऊन कुठंतरी सोय लावता आली असती. मला ते तेव्हाही कळत होतं. मला एवढंच हवं होतं की तिनं मागावं. एकदा हात जोडून म्हणावं, आक्का, आत घे. मी घेतलं असतं. निदान तसं मी स्वतःला सांगत आलेय. ती उभी होती, आणि तिचा हात फाटकाच्या गजांवरून सावकाश सरकत होता, पहिल्यापासून वाकलेल्या त्या एका गजापर्यंत. तिथं तो थांबला. तिला जागा कळली होती.

हवालदार माझ्याकडं पाहत होता. मी मान हलवली. नाही.

"मावशी, ह्या बाई न्हाय म्हनत्यात," तो म्हणाला. "पाटी तर त्याच नावाची हाय. हीच जागा न्हवं का?"

आतून कुणाचा तरी खोकला ऐकू आला. तानाबाईचा असेल किंवा दुसऱ्या कुणाचा. खैरुनबीनं कान दिला. तिनं एक हाक मारली असती तर तानाबाई धावत आली असती, आणि मग मला नाही म्हणता आलं नसतं. तिनं तोंड माझ्याकडं वळवलं.

"पाटी आसंल सायेब," ती म्हणाली. "ही जागा न्हवं. माजं चुकलं."

"मग तुला भिक्षेकरी गृहात न्यावं लागंल."

"चला की."

तिनं गजावरचा हात काढला आणि हवालदारापुढं धरला. मी फाटकाला आतून कडी घातली.